मातृभाषेचा रकाना

शाळाप्रवेशाच्या अर्जात मातृभाषेचा रकाना एकच असतो, आणि तिथे आम्ही नंदुरबारकडचे मुसलमान अडखळतो. घरात उर्दूच्या वळणाची बोली, ओट्यावर अहिराणी, बाजारात गुजराती, शाळेत मराठी. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली, पावरीही. लेकरू उशिरा बोललं की दादी म्हणते, इतक्या बोल्यांनी बिचारं गोंधळलं. मग आम्ही सर्वांत आधी अहिराणीवर बंदी घालतो. का, तर ती अडाण्यांची!

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. म्हणजे बोलण्याआधीच कान घरच्या आवाजांवर बसतो. आमच्या बाळांचा कान तर तीन-चार बोल्यांवर बसलेला. पुढच्या अभ्यासांतही दोन भाषांमुळे बोलणं खुंटतं असं आढळलं नाही. शब्द भाषांमध्ये वाटले जातात, म्हणून एकाच भाषेत मोजले तर कमी भरतात. खरोखरच उशीर होत असेल तर बोलीला दोष देण्याआधी मुलाचा कान तपासून घ्यावा.

बंदी गल्लीत कोण पाळतो म्हणा! पतंगावरून पोरं अहिराणीतच भांडतात, आणि तक्रार घेऊन अम्मीकडे येतात ती उर्दूत.