भिंतीचे कान

पेंटर म्हणाला, एक हात प्रायमर, दोन हात रंग. हत्ती दिसायचा नाही.

मी मान डोलावली खरी, पण मग त्या खोलीत बराच वेळ बसून राहिलो. हत्तीचा डावा कान सुपाएवढा, उजवा केळीच्या फाटक्या पानासारखा. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये स्टेनरच्या बाटल्या कालवत तीन रविवार खपलो होतो. पोराने मागितला होता जेसीबी. मी म्हटलं, जेसीबी कुणी भिंतीवर काढतं का? का काढू नये, ते मला तेव्हाही सांगता आलं नव्हतं.

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला खरोखरच आहेत, तेही एका मापाचे नाहीत. म्हण आपली हळू बोला एवढंच सांगते. ऐकलेल्याचं भिंत पुढे काय करते, त्यावर गप्प. जिल्हा परिषदेच्या शाळांत पाढे, बाराखडी रंगवलेल्या ‘बोलक्या भिंती’ असतात, म्हणजे वाचाही आली. चांगदेवाच्या गोष्टीत तर भिंत चालतच गेली. डोळे तेवढे राहिले. मी काढला होता एक. पण रात्री हत्ती बघतो म्हणून पोरगा रडायला लागला, तेव्हा अकरा वाजता ब्रश शोधून तो मिटवला. एक काळी कमान, तीन पापण्या. तेव्हापासून हत्ती नुसता ऐकतोय.

आजीच्या जिवतीच्या कागदावरही हत्ती असायचा. त्यावर बुध, शेजारी वाघावर बृहस्पती. शिवाय कालियामर्दन कृष्ण, आणि अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या जरा-जिवंतिका. श्रावण लागला की कागद भिंतीवर यायचा. शुक्रवारी त्याला आघाडा-दूर्वांची माळ, आम्हाला पाटावर बसवून ओवाळणं. नोकरीला गेलेल्या काकासाठी आजी चारी दिशांना अक्षता टाकायची. तो कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, तिकडे जाणारी एसटी रोज दारावरून जायची. तरी चारी दिशांना. त्याच कागदावर मांडीवर हिरण्यकशिपू फाडणारा नरसिंह होता. आम्ही जाम घाबरायचो. त्याचे डोळे कुणी मिटवले नाहीत. चित्र मुलांसाठीच होतं, पण मुलांना आवडावं म्हणून कुठे होतं?

मग मी हत्ती काढला तो पोराने बघावा म्हणून, की हत्तीने पोराकडे बघावं म्हणून? दुसरं असेल, तर डोळा मिटवून मी भलतंच करून बसलो. त्याला विचारलं, ठेवायचा का रे? मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “बाबा, तुला हवा असेल तर ठेव.”

आज पेंटर परत आला, कानावरून बोट फिरवलं. रंग जाड बसलाय म्हणे. पॉलिश पेपरने घासला नाही, तर खिडकीतून तिरपा उजेड पडला की कड उमटणार. घासू का, विचारत होता.

श्रावण संपल्यावर आजी त्या कागदाचं काय करायची, ते मला काही केल्या आठवेना.