सुरुंगानं मोजलेला सह्याद्री

परवापासून मी हसनाबादेत भेटेल त्याला विचारतोय, ‘आपल्या खालचा दगड कुठवर जातो?’ उत्तर विहिरीपाशीच थांबतं. मुरूम संपला की काळा पाषाण, मग सुरुंग. भोकरदन तालुक्यातलं शेंबडं पोरगंही हे सांगेल. पण सुरुंग उडवून पृथ्वीच्या कवचाचा तळ मोजतात, हे मला आत्ता कळलंय आणि झोपच उडालीय!

1970च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं चक्क सह्याद्री आडवा मोजला. गुहागर ते चोरोची ही एक रेघ, केळशी ते लोणी ही दुसरी. के. एल. कैला, त्यांचे सहकारी आणि सोबत सोव्हिएत तज्ज्ञ. जमिनीत भोक पाडून दारू उडवायची आणि रेघेवर ओळीनं मांडलेल्या जिओफोननी हादरा टिपायचा. खडक बदलला की हादऱ्याचा काही भाग उलटा फिरतो, काही त्या सीमेलगत धावत जाऊन दूर कुठंतरी वर येतो. कुठं किती सेकंदांनी पोचला, त्यावरून सगळा हिशेब! कवचात लाटेचा वेग सेकंदाला साधारण 6 ते 7 किलोमीटर. तळ ओलांडला की एकदम 8. ही उडी 1909 साली क्रोएशियाच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांनी भूकंपाच्या नोंदींतून पकडली, म्हणून त्या सीमेला ‘मोहो’ म्हणतात. या रेघांवर, कोयना भागात, मोहो निघाला 36 ते 40 किलोमीटर खोल. हादरा तिथवर जाऊन परत येतो बारा-तेरा सेकंदांत. तेवढ्या वेळात आमची मोटार विहिरीतलं पाणीसुद्धा वर आणत नाही!

कळसूबाईचे 1646 मीटर आपण घोकले. हे खालचे 40 किलोमीटर कुणी सांगितलेच नाहीत. आणि तिबेटखाली हाच तळ 70 किलोमीटरवर जातो. तिथं दोन खंड एकमेकांवर आदळलेत. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांच्या पठाराची कड.

त्याच लाटांनी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, जाडीही सांगितली: पूर्वेला 400 मीटर, किनाऱ्याकडे 1500. कितीतरी वर्षांनी कोयनेजवळ 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. वा!

अशीच एक रेघ सेंधव्यावरून खानदेशातल्या सिंदाडपर्यंत आली होती. नर्मदा-तापीच्या त्या पट्ट्यात बेसॉल्टखाली जुन्या गाळाचे खडक दडलेले सापडले. म्हणजे लाव्हा यायच्या आधी तिथं पाणी होतं, गाळ साचत होता! मधे फक्त अजिंठ्याचा डोंगर, अलीकडे आम्ही. ती रेघ आणखी थोडी दक्षिणेला का नाही हो ओढली?