खताची निवड आणि बांधीचे पाणी

शाळेतून निवृत्त झाल्यावर, साकोली तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीपैकी माझ्या वाटणीस आलेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त खाचरे, ठेक्याने न देता स्वतः कसाव्यात आणि त्यांत रासायनिक खताचा कणही न घालता चिन्नोर धान पिकवावे, असा निश्चय मी केला. त्यामागे विषमुक्त अन्नाविषयीची माझी आस्था होती हे खरे. परंतु त्याहून व्यावहारिक असेही एक कारण होते. चिन्नोर हे आमच्या जिल्ह्याचे सुवासिक धान उंच वाढणारे, उशिरा निसवणारे, म्हणजे आमच्या भाषेत भारी. त्याला युरियाचे नत्र एकदम मिळाले की ते हिरवेगार माजते, तुडतुड्यांना आमंत्रण देते आणि लोंबी भरण्याच्या वेळीच वाऱ्याबरोबर आडवे होते. ज्याला सावकाश आणि थोडे थोडे अन्न मानवते अशा धानापासूनच नवख्याने सेंद्रिय शेतीचा श्रीगणेशा करावा, हे मला सयुक्तिक वाटले.

खताच्या शोधात मी प्रथम अर्थातच बाजारात गेलो. तिथे सेंद्रिय या नावाखाली मांडलेली विविध द्रावणे, अर्क, दाणेदार पुड्या आणि त्यांवरील हिरव्या पानांची चित्रे पाहून नवख्या माणसाची मती कुंठित व्हावी अशीच अवस्था असते. त्या गर्दीत मी एकच प्रश्न प्रमाण मानला: या वस्तूत नत्र किती, आणि ते पिकाला केव्हा मिळणार? एक टन धान पिकायला पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलते. लिटरभर द्रावणात ५ टक्के नत्र आहे असे औदार्याने मानले तरी ते भरते ५० ग्रॅम. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात किमान १ टक्का नत्र असावे लागते, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात अर्धा किलो. निंबोळी पेंडीत ते ४ ते ५ टक्के, म्हणजे तितक्याच पोत्यात दोन-अडीच किलो. कुजलेल्या शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. पण ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत दोन-अडीच टन शेणखत मावते आणि त्यातून १० ते १२ किलो नत्र शेतात जाते, ज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पहिल्या हंगामात आणि उरलेला पुढील वर्षांत पिकाच्या पदरात पडतो. हा हिशेब वहीच्या एका पानावर मांडल्यावर बाटल्यांचा मोह आपोआप नाहीसा झाला. ज्याच्या पोत्यावर घटकांचे प्रमाण छापलेले नाही ते खत, विक्रेत्याने कितीही शपथा वाहिल्या तरी, नवख्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या भागातील खरी दौलत मात्र दुकानात नाही, ती तलावाच्या पोटात आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले हे तलाव म्हणजे भंडारा जिल्ह्याचे वैभव. त्या काळच्या वाजिब-उल-अर्जात कोणत्या बांधीला कोणत्या क्रमाने पाणी मिळावे याची नोंद असे आणि निस्तार पत्रकात गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले. आणि ज्या गाळाकडे गाव दरवर्षी खत म्हणून पाहत असे तो गाळ तलावातच साचत गेला. २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणल्यावर गाळाची ही जुनी चाल पुन्हा चर्चेत आली. गाळाला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो वाहतुकीचा. तथापि गाळ सर्वत्र हितकर नसतो. आमच्याकडे जमिनीचे कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बरडी असे भेद पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जातात. त्यांपैकी माझी वरची बांधी बरडी, म्हणजे हलकी, पाणी न धरणारी, तर खालची कन्हार, म्हणजे काळी आणि चिकण. उन्हाळ्यात काढलेला गाळ मी फक्त वरच्या बांधीत पसरला. खालची मुळातच चिकण. तिथे आणखी चिकणमाती लोटण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिला शेणखतच दिले.

जीवामृताविषयी थोडेच सांगतो. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांमुळे विदर्भात घरोघर पोचलेले हे शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीच्या पिठाचे मिश्रण मी केले. बेसनाऐवजी घरच्या लाखोळीचे पीठ घातले. परंतु त्याला खत समजणे चूक आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण घातल्याने एकराचे नत्र भागत नाही. ते जीवाणूंचे विरजण आहे, आणि विरजणाला दूध लागते तसे जीवामृताला जमिनीत आधी शेणखत-पाचोळा असावा लागतो.

खताचा असा बंदोबस्त झाल्यावर पद्धतीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्या बाबतीत मला खरे मार्गदर्शन लाभले ते शेजारच्या बांधीचे वृद्ध कोहळी कास्तकार, ज्यांना सारे गाव मामाजी म्हणते, त्यांच्याकडून. मादागास्करमध्ये फादर लोलानिए यांनी १९८३ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘श्री’ पद्धत मी वाचली होती: ८ ते १२ दिवसांचे एकेक रोप २५ सेंटिमीटर अंतरावर लावायचे, पाणी साचू द्यायचे नाही, जमीन आलटून-पालटून ओली-कोरडी ठेवायची. बियाणे अत्यल्प लागते, मुळांना हवा मिळते, फुटवे भरपूर येतात. तत्त्व निर्दोष आहे. मामाजींनी सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, तुमच्या खालच्या बांधीतलं पानी जाते कुठं?” मी निरुत्तर झालो नाही, कारण उत्तर समोरच दिसत होते: कुठेच जात नाही. आमच्या बांध्या उतरंडीने आहेत. वरच्या बांधीचे पाणी बांध फोडून खालच्या बांधीत उतरते आणि माझी कन्हार बांधी त्या साखळीच्या शेवटी. आषाढातल्या एका झडीत तिथे गुडघाभर पाणी राहते आणि दहा-बारा दिवसांचे रोप त्यात बुडून कुजते. “मंग आधी पान्याचं ठरवा, खताचं मागून,” एवढेच ते म्हणाले.

तेव्हा वरच्या बरडीच्या एका तुकड्यात ‘श्री’ करावे आणि खाली डॉ. एन. के. सावंत यांनी प्रवर्तित केलेली चारसूत्री पद्धत आचरावी, असे ठरले. तिची चार सूत्रे अशी की भाताच्या तुसाची राख पऱ्ह्यांना, म्हणजे वाफ्यातील रोपांना, आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, शेताला परत द्यावे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडावा, नियंत्रित अंतरावर रोवणी करावी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (रोवलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये खोल खोचाव्यात. माझ्या व्रताला चौथे सूत्र मानवणारे नव्हते. ते वगळून उरलेली तीन मी घेतली आणि त्या गोळीची भर निंबोळी पेंडीने काढली.

तुसाची राख आमच्याकडे राईस मिलच्या आवारात ढिगांनी पडलेली असते. पांढरी पडलेली नव्हे, तर काळी, अर्धवट जळालेली राख निवडून पऱ्ह्यांच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात वरच्या चार बोटे मातीत मिसळली. या राखेत सिलिका विपुल असते आणि धान ती आवडीने घेते. पाने ताठ, कडक राहतात, खोडकिड्याला खोड पोखरणे जड जाते. एक गुण मात्र मी प्रत्यक्ष हातात घेतल्यावाचून जाणला नसता: राखेच्या वाफ्यातील मूठभर पऱ्हे धरून ओढले की ते मुळांसकट सुळकन निघून येते, मुळावर काळपट राखेचा पातळ लेप तेवढा राहतो, राख नसलेल्या वाफ्यातील पऱ्हे उपटताना मात्र माती धरून बसते आणि निम्मी मुळे तिथेच तुटतात.

रोवणीच्या दिवशी वेगळीच अडचण आली. १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी ताणून चूड लावायचा म्हणजे हात थांबत-थांबत चालतो, आणि आमच्याकडे रोवणी एकराच्या ठेक्याने होत असल्यामुळे ज्या बाया पाऊस झेलत, वाकून, चिखलात दिवस काढतात त्यांनी माझ्या दोरीसाठी आपली मजुरी बुडवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होते. त्या दिवसापुरता ठेका मोडून मी रोजी ठरवली. पद्धतीच्या पुस्तकांतून खर्चाची ही बाब बहुधा गाळलेली असते, म्हणून मुद्दाम नमूद करतो: स्वस्त खताने जे वाचते त्यातले बरेचसे पहिल्या वर्षी मजुरीत जाते, आणि ते जायलाच हवे.

खताच्या वेळेचे महत्त्व मला शेजारच्या एका बांधीत दिसले. तिथे रोवणीच्या तोंडावर कोरडे तणस चिखलात गाडले होते. ते कुजवणाऱ्या जीवाणूंनी जमिनीतले नत्र स्वतःच गिळले आणि धान महिनाभर पिवळे राहिले. तेच तणस उन्हाळी नांगरटीला मिसळले असते तर रोवणीपर्यंत कुजून गेले असते. ढेंच्याच्या हिरवळीच्या खताचेही तसेच. पहिल्या पावसावर पेरलेला ढेंचा गाडण्याजोगा व्हायला सहा-सात आठवडे लागतात, आणि भारी धानाची रोवणी तितकी लांबवता येत नाही. ज्याच्याकडे मृगापूर्वी पाणी आहे त्यानेच त्याच्या वाटेस जावे. पाणी नसलेल्याने बांधावर गिरिपुष्प लावावे. माझ्याकडे पहिल्या वर्षी पाला मामाजींच्या बांधावरचा होता; त्यांनी फांद्या छाटून भारे स्वतः आणून टाकले आणि मोबदला घेण्यास साफ नकार दिला.

गादमाशी आली, थोडे चंदेरी पोंगे दिसले. मात्र वाऱ्यापावसात धान उभे राहिले. उतारा शेजारच्या युरियाच्या बांधीहून कमी भरला, आणि बरडीतील ‘श्री’चा तुकडा गाळामुळे अपेक्षेहून सरस ठरला. कापणीला पंधरवडा उरला असताना खालच्या बांधीतील उभ्या धानात, चिखल ओला होता तोवर, लाखोळीचे बी फेकले. तिला वेगळी मशागत लागत नाही, पाणी लागत नाही, आणि तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून ठेवतात. पुढच्या हंगामासाठी निंबोळी पेंडीची पोती किती घ्यायची, हे लाखोळी उपटून त्या गाठी पाहिल्यावर ठरवायचे, असे मामाजींशी बोलणे झाले आहे.