देवांचा भूतकाळ

पुराणकथा मुलांना सांगणे हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर गेल्या काही वर्षांत त्याला एक नवी शाखा फुटली आहे असे म्हणावे लागेल. परमुलखात सहलीला आलेल्या कुटुंबांना वस्तुसंग्रहालयातून फिरवायचे, मूर्तींच्या आधाराने देवादिकांच्या गोष्टी सांगायच्या, मुलांच्या हाती कोड्यांचा कागद आणि पेन्सिल द्यायची आणि दोन-अडीच तासांत सगळे आटोपून त्यांना आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत सुखरूप पोहोचवायचे, असे या शाखेचे ढोबळ स्वरूप आहे. अथेन्समध्ये ती विशेष बहरलेली दिसते. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेतले पहिले पुस्तक २००५ साली आले आणि तेव्हापासून जगभरची मुले ऑलिंपसवरच्या देवांची कुलंगडी तोंडपाठ करून त्या शहरात उतरू लागली. त्या मालिकेच्या नावावर बेतलेल्या फेऱ्याही तिथे मिळतात.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे पाहून नाक मुरडावे असे आम्हाला वाटत नाही. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा तोही श्रोत्यांचे वय, वेळ आणि पेंग यांचा हिशेब करूनच कथा कापतो, वाढवतो. फरक इतकाच की कीर्तनकाराने आधी पूर्वरंगात कथा कशासाठी सांगायची ते सांगून ठेवलेले असते. अथेन्सच्या मार्गदर्शक बाईंना पूर्वरंगाची सोय नव्हती. त्यांच्यापुढे तीन देशांतली सात मुले होती आणि त्यांत आमची दोन.

अक्रॉपॉलिस वस्तुसंग्रहालय २००९ साली उघडले. बर्नार्ड शुमी या वास्तुविशारदाची ही इमारत उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्तीच्या वर खांबांवर उभी आहे. काचेच्या जमिनीतून खालची घरे, विहिरी, न्हाणीघरे दिसतात आणि मुले प्रथम तिथेच रमतात. वर पाय टाकायला कचरणाऱ्या मोठ्यांना हसण्यात त्यांची दहा मिनिटे सहज जातात.

मग शोध सुरू होतो. घुबड आणि शिरस्त्राण दिसले की अथीना, त्रिशूळ दिसला की पोसायडन, सिंहाचे कातडे पांघरलेला तो हेराक्लीस. आपल्याकडे मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांनी आयुधे आणि वाहने यांवरून देव ओळखण्याची जी रीत घालून दिली आहे, तीच इथे खेळ होऊन येते. मुलांना ती पटकन साधते. मात्र एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ओळख पटली की पाहणे संपते. कागदावर खूण केली की पाय पुढच्या मूर्तीकडे वळतात. इ. स. पूर्व ५२०च्या सुमाराच्या एका त्रिकोणिकेतली राक्षसांवर चाल करून जाणारी भव्य अथीना, जिच्या ढालवस्त्राच्या काठावर सापांची तोंडे वळवळताना दिसतात, तिच्यासमोरही थोरला अर्धा मिनिट थांबला असेल. ती लगेच ओळखू आली, हाच तिचा दोष.

उलट ‘शोकमग्न अथीना’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या दोन फुटांहूनही कमी उंचीच्या शिल्पपट्टापाशी तो रेंगाळला. अनवाणी अथीना भाल्यावर रेलून, मान खाली घालून, एका लहानशा शिलास्तंभाकडे पाहते आहे. ती काय पाहते? कोणी म्हणतात युद्धात पडलेल्यांची यादी, कोणी म्हणतात देवळाच्या हद्दीचा दगड, कोणी आणखी काही. या शिल्पाला गोष्ट नाही. बाईंनी तसे मोकळेपणाने सांगितले आणि मुलांनाच विचारले. एका मुलाचे म्हणणे पडले की ती दमली आहे, दुसऱ्याचे की तिला खाली लिहिलेले वाचता येत नाही. आमच्या थोरल्याने काहीच उत्तर दिले नाही, पण कागदावर खूण करायचीही तो विसरला. कथेने शिल्पाचा अर्थ लावून दिला की शिल्प कथेचे चित्र होऊन बसते, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले असेल. ते घडताना आणि न घडताना एकाच दुपारी पाहायला मिळाले.

खरी गाठ पडली ती अथीनेच्या जन्मापाशी. ही कथा पार्थेनॉनच्या पूर्व त्रिकोणिकेत कोरलेली होती. बाईंनी ती रंगवून सांगितली. झ्यूसचे डोके एकदा असे दुखू लागले की त्याला काही सुचेना. शेवटी हेफायस्टसने कुऱ्हाड उचलली, घाव घातला, आणि आतून पूर्ण वाढ झालेली, शस्त्रे परजत अथीना बाहेर आली! मुले खदखदून हसली. एकाने आपल्याच डोक्यावर टपली मारून पाहिली. हशा ओसरल्यावर आमची धाकटी म्हणाली, “पण हिची आई कुठाय?”

प्रश्न मराठीत आणि आमच्याकडे पाहून विचारलेला होता. आम्ही तो इंग्रजीत बाईंपुढे ठेवला. त्या क्षणभर थांबल्या आणि ती गोष्ट तुझे आईबाबा तुला नंतर सांगतील, असे हसून म्हणाल्या. त्यांच्याकडे आणखी सहा मुले आणि चाळीस मिनिटे होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण गाळलेली गोष्ट कोणती, ते साहित्याच्या वाचकाला ठाऊक असते. हेसिअडच्या देवोत्पत्तीच्या काव्यात झ्यूसची पहिली पत्नी मेटिस ही देवांत आणि माणसांत सर्वांहून शहाणी. तिच्या पोटी होणारा पुत्र आपले राज्य घेईल, या भयाने झ्यूस तिला गर्भवती असतानाच गिळून टाकतो. डोकेदुखीचा विनोद आहे तो या गिळण्यावर पांघरूण घातलेला.

रात्री मुक्कामी आम्ही ती गोष्ट जशी आहे तशी सांगितली. धाकटी घाबरेल असे वाटले होते. तिने निराळेच काढले. “म्हणजे गणपतीला नुसती आई, आणि हिला नुसते बाबा. आणि दोन्ही गोष्टींत डोकं फोडलंय.” सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली ग्रीस, इटली आणि हिंदुस्थान यांच्या देवांवर निबंध लिहिला तेव्हा त्यांनी गणेशाची जोडी रोमन जेनसशी लावली होती. आमच्या मते आठ वर्षांच्या मुलीने काढलेली जोडी अधिक विचार करण्याजोगी आहे. पार्वती अंगाच्या मळातून पुरुषावाचून पुत्र घडवते आणि बाप त्याचे मस्तक उडवतो. झ्यूस आईला गिळून मुलीला आपल्या मस्तकातून जन्म देतो आणि ती मुलगी पुढे बापाची लाडकी होते. जन्मावर हक्क कोणाचा, हे भांडण दोन्हीकडे एकच आहे. दोन्हीकडे त्याचा निकाल शस्त्राने लागतो.

आपल्याकडे ही मस्तक उडवण्याची गोष्ट दोन वर्षांच्या पोराला भरवताना सांगतात आणि कोणाला तिच्यात वावगे वाटत नाही, हेही तेव्हाच ध्यानात आले. मोदक, आरती, विसर्जनाच्या वेळचे रडू, या सगळ्याने ती गोष्ट वेढलेली असते. मुलाला कापलेले डोके एकटे भेटत नाही. मेटिसभोवती आता काहीच उरलेले नाही. ती भेटेल तर नुसती गिळलेली बाई म्हणूनच भेटेल. बाईंनी ती गाळली याचे कारण कदाचित हेच असावे. आणि दगडाचाही काही योगायोग पाहा. पूर्व त्रिकोणिकेच्या मधोमध जिथे प्रत्यक्ष जन्माचा प्रसंग होता, त्या मूर्तीच आज नाहीत. पार्थेनॉनचे पुढे चर्च झाले, त्या वेळी बांधकामासाठी त्या काढल्या गेल्या असे मानतात. उरले आहेत ते कडेचे साक्षीदार. हेसिअड सांगतो की मेटिस आतून झ्यूसला बऱ्यावाइटाचा सल्ला देत राहिली. ते ऐकल्यावर धाकटीने विचारले, “अजून देतेय?”

या ‘अजून’ने आमचे लक्ष व्याकरणाकडे गेले. दिवसभर बाईंची सारी वाक्ये एका ठरावीक घडणीची होती. प्राचीन ग्रीक असे मानत असत, त्यांचा असा समज होता, ते बळी देत असत. मराठी घरातल्या मुलाला देवाविषयी ही क्रियापदे परकी असतात. आपल्याकडे गणपती येतात, जातात, पावतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घारापुरीहून आणलेली महिषासुरमर्दिनी आहे, भंगलेली. भंगलेली मूर्ती पुजू नये असे शास्त्र असले तरी तिथल्या मूर्तींपुढे नकळत हात जोडणारे प्रेक्षक दिसतात. अथेन्समध्ये कोणी हात जोडत नाही. २०१७ साली ग्रीक शासनाने प्राचीन देवांच्या उपासकांच्या एका पंथाला मान्यता दिली खरी, पण संग्रहालयात येणाऱ्या गर्दीच्या लेखी ते देव ‘होते’. मुलांची फेरी निर्धास्तपणे गमतीची होऊ शकते ती यामुळेच. ज्या देवाला कोणी नवस बोलत नाही, त्याच्या डोकेदुखीवर हसायला कोणाची हरकत असणार?

असे आम्ही जवळजवळ ठरवूनच टाकले असते. पण फेरीच्या अखेरच्या टप्प्यात बाईंचे व्याकरण बदलले होते, ते आठवले.

सर्वांत वरचे दालन पार्थेनॉनच्याच दिशेने वळवलेले आहे. काचेतून समोर टेकडीवर ते देऊळ दिसते आणि आत त्याच मापाच्या गाभ्याभोवती शिल्पपट्टा लावला आहे. मूळच्या १६० मीटरांपैकी सुमारे ५० मीटर अथेन्समध्ये आहे, सुमारे ८० मीटर लंडनमध्ये. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ सालापासून ही शिल्पे उतरवली आणि १८१६ साली ब्रिटिश संसदेने ती विकत घेतली. अथेन्सच्या दालनात मूळ दगड मधाच्या रंगाचा, आणि जिथे दगड नाही तिथे पांढरेफटक प्लास्टर. एकाच मिरवणुकीत घोड्याचे धड पिवळसर आणि डोके पांढरे. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, डोळ्यांना टोचते. इथे बाई ‘मानत असत’ म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ही आमची. तीही आमची.” करवतीने दगड कसे कापले, ते त्यांनी सातही मुलांना सांगितले आणि त्यात काही सौम्य केले नाही. मेटिसला गिळणे मुलांना झेपणार नव्हते. एल्गिनची करवत झेपणार होती.

पुढे एरेक्थिऑनच्या ओसरीवरच्या सहा कन्या, ज्या डोक्यावर छप्पर तोलून उभ्या असत. हवेच्या प्रदूषणापायी त्यांना १९७९ साली खाली आणावे लागले आणि जागेवर प्रतिकृती उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक लंडनला आहे. अथेन्समध्ये पाच आहेत, त्यांतली एक फारच झिजली-मोडलेली. संग्रहालयाने त्या मांडताना सहावीची जागा रिकामी ठेवली आहे. बहिणीला नेले तेव्हा उरलेल्या रात्रभर रडत आणि शहराला ते ऐकू येई, अशी दंतकथा एकोणिसाव्या शतकापासून सांगितली जाते. ती सांगताना बाईंचा आवाज किंचित उतरला. त्या गावात त्या दिवशी ऐकलेली ही एकच पुराणकथा, जी सांगणाऱ्याची स्वतःची होती.

घारापुरीला आम्ही याहून निराळे काही पाहिलेले नाही. तिथले मार्गदर्शक रावणाने कैलास हलवल्याचा प्रसंग दोन वाक्यांत उरकतात, पण पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्याची हकीकत सांगताना त्यांचे हात हलू लागतात. मूर्तींची किती नासधूस खरोखर त्या गोळ्यांनी झाली आणि किती पाण्याने, काळाने, याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. त्या वादाने हकीकतीचा जोर कमी होत नाही. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे धाडला गेला, असे इतिहासकार दियोगो दो कोउतो नोंदवतो. तो पुढे हरवला. लेणे कोणी खोदवले ते कदाचित त्याच दगडावर असेल, हे ऐकताना आमचीही मुठी आवळली जाते हे कबूल केले पाहिजे. अशा वेळी शिव आणि रावण हे साहित्य होऊन मागे सरतात आणि लुटीची गोष्ट पुराण होऊन पुढे येते. तिच्यात हरणे आहे, हरवणे आहे, परतीची वाट पाहणे आहे, आणि ती मुलांना सांगायलाच हवी असे मोठ्यांना मनापासून वाटते.

मात्र या नव्या पुराणात गाळलेले काही नसते असे नाही. पार्थेनॉन चर्च होते, मग मशीद होती आणि १६८७ साली व्हेनिसच्या तोफांनी आतला दारूगोळा उडवला, हे बाईंनी एका दमात, जिना उतरता उतरता सांगितले. ख्रिस्ती झालेल्या अथेन्सकरांनीच पूर्वेकडच्या चौकटींतल्या देवांचे चेहरे छिन्नीने उडवले होते, हे त्यांनी सांगितले नाही. उत्तरेकडची एक चौकट मात्र वाचली. तिच्यातल्या दोन स्त्रिया मेरी आणि देवदूत वाटल्या म्हणून, असा एका अभ्यासकाचा तर्क आहे. ती चौकट त्याच दालनात आहे. आम्ही मुलांना तिच्यापाशी नेले आणि आमच्यापरीने ही गोष्ट सांगितली. थोरल्याला ती फार आवडली. चुकीच्या ओळखीने कोणी वाचू शकते, हे त्याला कागदावरच्या खुणांच्या खेळानंतर विशेष गमतीचे वाटले असावे.

कन्यांपाशी निरोप घेताना धाकटीने बाईंना थेट विचारले, तेही तिच्या मोडक्या इंग्रजीत, की लंडनमधली रडते का. बाईंनी घड्याळ पाहिले नाही. तिथे पहारेकऱ्यांखेरीज रात्री कोणी नसते आणि त्यांना ग्रीक येत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी मुलांचे कागद तपासले. आमच्या थोरल्याच्या दोन खुणा कमी भरल्या.