नोव्हेंबरची सही

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात दोन कामे एकदमच अंगावर येतात. शेतात धान कापून पुंजणे रचायचे असतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत नेऊन, तो जिवंत असल्याची सही करून आणायची असते. गावोगाव मंडईची जत्रा भरलेली असते, रात्र-रात्र दंडारीचे लोकनाट्य चालते. सकाळी मात्र बँकेचे शटर उघडण्याआधीच पायरीवर माणसे बसलेली दिसतात. कोणी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेला, कोणी ऑटोने. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तीत पासबुक, आधार कार्ड आणि घड्यांवर फाटायला आलेला पेन्शनचा आदेश.

त्या जुन्या आदेशांवर कित्येकदा ‘जिल्हा भंडारा’ असे छापलेले असते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी निवृत्त झालेल्यांचा जिल्हा बदलला, पण कागद तोच राहिला.

पायरीवरच्या या रांगेत दोन तऱ्हेचे पेन्शनर असतात. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, तहसीलातले कारकून यांची यादी बँकेत येते. आपले नाव शोधायचे, समोर सही करायची, झाले. हात थरथरत असेल तर अंगठा. त्यांच्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला असतो, म्हणून महागाई वाढली की पेन्शनही वाढते. दुसरी तऱ्हा ‘ईपीएस-९५’ या कर्मचारी पेन्शन योजनेतल्यांची. एसटीचे निवृत्त वाहक-चालक, सहकारी संस्थांतले गटसचिव, कारखान्यांतले कामगार, भविष्यनिर्वाह निधीत नाव असलेले विडी कामगार. यांना यंत्रावर बोट ठेवावे लागते.

विडी वळणाऱ्या बाईचे बोट त्या यंत्राला सहजी ओळखू येत नाही. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि तोंड नखाने दाबून बंद करायचे. दिवसाला शेकडो विड्या, आणि अशी तीस-चाळीस वर्षे. अंगठ्यावरच्या रेषा पानावरच झिजून जातात. यंत्राचा लाल दिवा लागतो, पडद्यावर ‘ठसा जुळत नाही’ असे उमटते. “बाई, बोट पुसून घ्या जी, पुन्हा ठेवा,” असे काउंटरवरचा मुलगा सांगतो. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरे बोट, मग तिसरे. ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने ओळख पुसून नेलेली असते. पोरगा समजूतदार असला तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर चेहऱ्यावरून नोंद करून देतो. नसला तर ‘उद्या या’.

आणि एवढे करून मिळते किती? ईपीएस योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तिचा हिशेब सोपा आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगार कितीही असला तरी धरायचा तो ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. योजना सुरू झाली तेव्हा लागलेला आणि १५ वर्षांनी, २०१० मध्ये निवृत्त झालेला माणूस घेतला, तर मर्यादेइतका पगार धरूनही महिन्याला १,३९० रुपयांच्या आसपास बसतात. महागाई भत्ता नाही. २०१० मध्ये १,३९०, आजही १,३९०. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि तिथेच राहिली. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या वीजप्रकल्पात आज कंत्राटदाराकडे राबणारा तरुणही याच सूत्राने म्हातारा होणार आहे. आजच्या मर्यादेने पूर्ण ३५ वर्षे भरली तरी त्याच्या हाती येतील साडेसात हजार.

बाजूच्याच रांगेत श्रावणबाळ योजनेचे लाभार्थी असतात. आयुष्यात कधीच पगारी नोकरी न मिळालेल्या गरीब वृद्धांना राज्य सरकार महिन्याला १,५०० रुपये देते. ते द्यायलाच हवेत आणि तेही अपुरे आहेत. पण वर्षानुवर्षे ज्याच्या नावावर वर्गणी भरली गेली त्या माणसाची किमान पेन्शन त्याहूनही कमी असावी, हे कोणत्या न्यायात बसते? बुलढाण्यात कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस-९५ संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केले, ते याच प्रश्नासाठी. मागणी साडेसात हजार किमान पेन्शनची आणि तिला महागाई भत्ता जोडण्याची.

गोठलेल्या पेन्शनची ही गोष्ट विदर्भापुरती नाही. ती सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मराठी घरांतही आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत डॉक्टर, परिचारिका, इंजिनिअर ब्रिटनला गेले, तिथे रात्रपाळ्या केल्या आणि पगारातून दर महिन्याला ‘नॅशनल इन्शुरन्स’ची वर्गणी भरली. तिथल्या सरकारी पेन्शनलाही किमान १० वर्षांची वर्गणी लागते आणि नव्या नियमाने पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांची. आकडे थेट आपल्या ईपीएसच्या ओळखीचे. त्यांतले काही जण उतारवयात परत आले: आईवडिलांच्या घरात, भावाच्या शेजारी, ऊन असलेल्या गावात.

परत येताच त्यांची पेन्शन गोठली.

ब्रिटनची सरकारी पेन्शन तिथे राहणाऱ्याला दरवर्षी वाढवून मिळते. युरोपीय संघातल्या देशांत किंवा अमेरिकेत राहणाऱ्यालाही मिळते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा देशांत राहणाऱ्याला मिळत नाही, कारण त्यांच्याशी वाढीचा करार नाही. एप्रिल २०१६ मध्ये नवी पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती, एप्रिल २०२५ मध्ये ती २३०.२५ झाली. एकाच वॉर्डात काम केलेल्या, एप्रिल २०१६ मध्येच निवृत्त झालेल्या दोन परिचारिका डोळ्यांसमोर आणा. एक लेस्टरमध्येच थांबली, दुसरी नागपूरला परतली. वर्गणी सारखी, वर्षे सारखी. २०२५ मध्ये पहिलीला २३०.२५, दुसरीला तेच १५५.६५. वर्षाचा फरक ३,८०० पौंडांहून जास्त. ॲनेट कार्सन या दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ब्रिटिश बाई या अन्यायाविरुद्ध २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढल्या आणि हरल्या. १६ मार्च २०१० रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही ११ विरुद्ध ६ मतांनी हरल्या. ब्रिटनमध्ये राहणारा आणि बाहेर राहणारा यांची तुलनाच होत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, सोबत तात्पुरत्या कामावर गेलेल्या नोकरदारांना दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये यावरही सहमती झाली. परतलेल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा प्रश्न मात्र त्यात सुटला नाही.

हयातीचा दाखला त्यांनाही चुकत नाही. ब्रिटनहून टपालाने फॉर्म येतो. तो भरून, डॉक्टर किंवा वकील अशा कोणा जाणत्या माणसाची साक्षीची सही घेऊन परत पाठवायचा. पाठवला नाही तर पेन्शन थांबते. नागपुरातल्या बंगल्यातला निवृत्त डॉक्टर आणि तिरोड्याच्या पायरीवरची विडी कामगार बाई, दोघांनाही ‘मी आहे’ हे दूरच्या कचेरीला पटवून द्यावे लागते.

पेन्शन ही देणाऱ्याची मेहरबानी मानली की काय होते, हे मराठी इतिहासाने फार पूर्वी पाहिले आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला ईस्ट इंडिया कंपनीने वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन देऊन बिठूरला पाठवले. १८५१ मध्ये तो वारला आणि डलहौसीच्या राजवटीने दत्तकपुत्र नानासाहेबांना ती नाकारली. त्यांच्या वतीने अझीमुल्ला खान लंडनपर्यंत दाद मागायला गेले, पण रिकाम्या हातांनी परतले. राजाची पेन्शन आणि कामगाराची पेन्शन यांत मोठे अंतर आहे, हे खरे. पण देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले काहीही तो केव्हाही थांबवू शकतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मेहरबानीची ही समजूत स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी मोडली. डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की पेन्शन ही बक्षिसी नाही, मालकाच्या कृपेवर ती अवलंबून नाही, झालेल्या सेवेपोटी मिळवलेला तो हक्क आहे. त्या पीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर हे दोन मराठी न्यायाधीश होते. देशभरचे पेन्शनर १७ डिसेंबर हा दिवस ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात. तो निकाल सरकारी नोकरांपुरता होता. पण त्यामागचा विचार मान्य केला, तर किमतींबरोबर न वाढणारी पेन्शन म्हणजे दरवर्षी थोडी थोडी काढून घेतलेली पेन्शन, हेही मान्य करावे लागते.

पैशाइतकाच त्रास नियमांच्या बदलांचा. म्हाताऱ्या माणसाला पाठ झालेली गोष्ट बदलली की त्याचा आधार सुटतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. वर्षानुवर्षे ओळखीचे नाव पाटीवरून उतरले. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. सुधारणा चांगली आहे, पण ज्याने एकही नाव लावलेले नाही त्याला कोणी सांगितले? परदेशातून परतलेल्याचे आणखी वेगळे. कायमचा परतला की अनिवासी खाते निवासी करून घ्यायचे. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले असेल तर ओसीआय कार्ड सांभाळायचे. त्या कार्डावर आयुष्यभर येता-जाता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांच्या धानाच्या बांध्या वारशाने मिळू शकतात, शेजारचा एक एकर मात्र घेता येत नाही.

प्रवासाचेही तसेच. विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस तिरोड्याला थांबतात. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांकडे म्हातारी माणसे याच गाड्यांनी जातात. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या तोंडावर ती थांबली. साथ गेली, सवलत परतली नाही. एसटीने मात्र शब्द पाळला: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. नागपूरच्या मेडिकलला डोळे दाखवायला जाणाऱ्या म्हाताऱ्याला शंभरेक किलोमीटरचा रेल्वेमार्ग समोर असतानाही मग बसचा विचार करावा लागतो.

चांगलेही घडले आहे आणि ते सांगायलाच हवे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली, २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला देता येऊ लागला. जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळते. गाव बदलले म्हणून आदेश एका कचेरीतून दुसरीत पाठवण्याची गरज उरली नाही. पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, आणि ईपीएसवाल्यांसाठी त्याचा खर्च भविष्यनिर्वाह निधी संघटनेने उचलायचे नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरले. म्हणजे कचेरीने मनावर घेतले तर ती पायरीपर्यंत येऊ शकते. तीच तत्परता रकमेच्या बाबतीत दाखवायला काय हरकत आहे? किमान पेन्शन वाढवा, तिला महागाईशी जोडा, आणि रेल्वेची सवलत परत द्या. ही भीक नव्हे, राबलेल्या वर्षांची बाकी आहे.

तोवर एक काम ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्या प्रत्येकाला करता येईल. आपल्या गल्लीतल्या पेन्शनर माणसाच्या घरी एकदा जाऊन यावे. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप टाकावीत, आजीला उजेडाकडे तोंड करून बसवावे, चष्मा काढायला लावावा आणि दाखला काढून द्यावा. खात्याला नॉमिनी लावला आहे का, तेही विचारावे. ईपीएसवाल्यांचा दाखला दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यासाठी नोव्हेंबरच हवा असे नाही. ती तारीख पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेनाने ठळक लिहून ठेवावी.