तारीख नसलेली आपत्ती

आपत्तीनंतरच्या मनाविषयी महाराष्ट्रात लिहिले-बोलले जाते तेव्हा बहुधा किल्लारीचा दाखला दिला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा तो भूकंप काही क्षणांचा होता, त्यामुळे त्याच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी आयुष्याची स्पष्ट विभागणी करता येते. आघातोत्तर ताणविकाराची, म्हणजे जिवावर बेतलेला प्रसंग मनात पुन्हापुन्हा जिवंत होत राहण्याच्या विकाराची, कल्पनाही अशाच विभागणीवर उभी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात मात्र ही कल्पना अपुरी पडते. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो, त्याचा वार्षिक पाऊस सरासरी 600 मिलिमीटरांच्याही खाली राहतो, आणि 1972, 2012-13, 2018-19 अशा ज्या वर्षांनी इथली माणसे खचली त्यांपैकी एकाही वर्षात ‘आपत्ती आली’ असा एखादा दिवस दाखवता येत नाही.

अवर्षणाचा मानसिक भार समजण्यासाठी नक्षत्रांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मृग कोरडा गेला तर आर्द्रा आहे, आर्द्रा गेली तर पुनर्वसू आहे, खरीप हातचा गेला तरी उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी निघेल, असे हे गणित दर पंधरवड्याला आशा नवी करते आणि त्याच कारणाने शोकाला जागा देत नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ विदुषीने ‘अनिश्चित हानी’ ही संज्ञा मांडली ती बेपत्ता माणसांच्या कुटुंबांकडे पाहून. हानी झाली की नाही हेच ठरत नसेल तर दुःख सुरूही होत नाही आणि संपतही नाही, असा तिचा आशय आहे. हस्त कोरडा सरेपर्यंत शेतकरी याच अवस्थेत असतो. त्यात कर्जतला कुकडी सिंचन प्रकल्पाच्या डाव्या कालव्याच्या टेलकडे, म्हणजे शेवटाकडे, असण्याचे आणखी एक दुखणे आहे: पाऊस न पडण्याचा राग कोणावर काढता येत नाही, पण कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, वेळेवर न पोचल्याचा काढता येतो, आणि दोष देता येईल असा माणूस किंवा कार्यालय समोर आले की शोकाची जागा तक्रार घेते. तक्रार रास्त असली तरी ती झोप लागू देत नाही.

2025 च्या सप्टेंबरमध्ये नेमक्या याच उत्तरा-हस्ताच्या दिवसांत सीनेला पूर आला आणि अहिल्यानगर, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांत नदीकाठची उभी पिके, जनावरे आणि कित्येक ठिकाणी जमिनीची वरची मातीही वाहून गेली. ज्या पावसाची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या त्यानेच नुकसान केल्यावर मनाचा जो गोंधळ उडतो त्याची नोंद पंचनाम्यात होत नाही. वाहून गेलेले पीक पुढच्या हंगामात भरून काढता येते, खरवडून गेलेले रान मात्र वाडवडिलांनी कमावलेले असते.

हे दुःख मनाच्या भाषेत क्वचितच सांगितले जाते. आशा सेविकेपुढे किंवा ग्रामीण रुग्णालयात जे येते ते डोके जड होणे, छातीत धडधड, अंगात त्राण नसणे, भूक मरणे. फार तर ‘टेन्शन आहे’ एवढे. तज्ज्ञ याला शारीरिकीकरण म्हणतात, म्हणजे मनाच्या त्रासाने शरीराच्या तक्रारीचे रूप घेणे. अशा माणसाला एकाच बैठकीत सारी हकिकत सांगायला लावावी, म्हणजे मन मोकळे होईल, ही एके काळची रूढ पद्धत आज जागतिक आरोग्य संघटना शिफारशीत धरत नाही. तिने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहणे, ऐकणे आणि मदतीशी जोडून देणे एवढ्याच तीन गोष्टींवर भर आहे. बोलणे ऐच्छिक आहे.

मग माणसे सावरतात कशाने? स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये जी पाच सूत्रे मांडली, ती सुरक्षितता, शांतता, आपल्या हातून काही होऊ शकते हा विश्वास, माणसांची सोबत आणि आशा अशी आहेत. दुष्काळी महाराष्ट्राने त्यांतली तिसरी आणि चौथी नकळत राबवली होती. 1972 च्या दुष्काळी कामांवर खडी फोडणारी, बांधबंदिस्ती करणारी माणसे उपाशी होती, पण एकटी नव्हती, आणि दिवसाअखेर मोजता येईल असे काम त्यांच्या हातून झालेले असे. 2012-13 आणि 2018-19 च्या चारा छावण्यांचेही तसेच: दावणीची जनावरे बाजारात न्यावी लागली नाहीत, म्हणून ती विकल्याचा सल टळला, आणि रात्री छावणीतच मुक्काम करणाऱ्या पुरुषांना आपल्यासारखीच ओढ सोसणारे सोबती मिळाले. याचे उदात्तीकरण मात्र करू नये. खडी फोडणे हा उपचार नव्हता, पोटासाठीची सक्ती होती. आणि पुरुष छावणीत असताना टँकरची वाट पाहत हंडे-कळशा रांगेत लावणाऱ्या, घरातल्या म्हाताऱ्यांचे आणि मुलांचे करणाऱ्या बाईच्या वाट्याला सोबतीऐवजी पाळीवरून होणारी भांडणेच अधिक आली. मदतीची आखणी करताना तिच्या एकटेपणाचा विचार आजही क्वचितच होतो.

काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बफेलो क्रीक येथे 1972 मध्येच आलेल्या पुराचा अभ्यास करून सामूहिक आघाताची कल्पना मांडली. व्यक्तीचे मन सुटे-सुटे दुरुस्त करता येत नाही, कारण तिला धरून ठेवणारी शेजार-नात्याची वीणच आपत्तीत उसवते, हे त्याचे म्हणणे. पूरग्रस्त वस्त्यांचे पुनर्वसन करताना घरे दिली पण शेजार विखुरला, तर नेमके हेच घडते.

सरकारी व्यवस्थेतही एक जुनी विसंगती आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 2015 मध्ये सुरू झालेला ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी होता. त्यामुळे सीनेच्या पलीकडचे बीड जिल्ह्यातील आष्टी त्यात आले आणि अलीकडचे कर्जत बाहेर राहिले, जरी दोन्हीकडची राने आणि कर्जे सारखीच आहेत. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेला, म्हणजे 14416 या क्रमांकाला, जिल्ह्याची हद्द नाही, मात्र तो क्रमांक फिरवायला कोणीतरी सुचवावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, दारू अचानक वाढलेली, रानाकडे फिरकणेच बंद झालेले, देणी-घेणी घाईने आवरती घेतलेली दिसली, तर त्या माणसाला ‘जीव द्यावासा वाटतो का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट आलेला बोलता येतो; आणि उत्तर ‘हो’ असेल तर त्याला रात्रभर एकटे न ठेवता रुग्णालयात नेणे हे घरच्यांच्या किंवा शेजाऱ्याच्याही आवाक्यातले काम आहे.