सूट, बूट आणि आपले दोन पायलट

रिटर्नचा सीझन आला की माझ्या फोनवर बातम्यांपेक्षा फॉर्म १६ चे फोटो जास्त येतात. पत्रकाराला सगळं कळतं असा आपल्याकडे समज आहे, त्याला इलाज नाही. यंदा एक प्रश्न मात्र भारी आला. "भाऊ, पायलटला बुटांच्या खर्चावर टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे. मीपण पायलटच ना?"

विचारणारा भुसावळचा लोको पायलट. आपल्या खान्देशात पायलट दोन प्रकारचे. एक भुसावळचे, मालगाडी ओढणारे. दुसरे विमानाचे. धुळ्याच्या गोंदूरला, शिरपूरला आणि जळगावच्या विमानतळावर पोरं विमान शिकतात. दोघांनाही गणवेश, दोघांनाही काळे बूट. मग सूट कोणाला? मी जरा खोलात गेलो. जे समजलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय.

आधी सरळ उत्तर. पगारदार माणसाने दुकानातून बूट घेतले, बिल जपून ठेवलं आणि रिटर्नमध्ये "कामाचे बूट" म्हणून वजा केले, असं आपल्याकडे चालत नाही. मग तो विमानाचा पायलट असो की रेल्वेचा. आपण आत्ता भरतोय ते २०२५-२६ चं रिटर्न १९६१ च्या कायद्याखालचं आहे. त्याच्या कलम १६ मध्ये पगारातून वजा होणाऱ्या गोष्टी तीनच: स्टँडर्ड डिडक्शन, सरकारी नोकरांचा एक जुना करमणूक भत्ता आणि प्रोफेशनल टॅक्स, जो महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. बूट, मोजे, इस्त्री, सायकल पंक्चर, सगळं त्या स्टँडर्ड डिडक्शनमध्ये आलं असं सरकारने धरलंय. २०१८ च्या बजेटमध्ये ते ४०,००० होतं, मग ५०,००० झालं. नव्या पद्धतीत आता ७५,००० आहे. ना बिल लागत, ना कोणी विचारत.

मग ही "पायलटला सूट" आली कुठून? त्यात थोडं खरं आहे. कलम १०(१४) आणि नियम २बीबी सांगतात की नोकरी देणाऱ्याने गणवेश घ्यायला किंवा सांभाळायला भत्ता दिला असेल आणि तो खरोखर त्यावरच खर्च झाला असेल, तर तेवढ्या रकमेवर कर नाही. म्हणजे सूट बुटाला नाही, भत्त्याला आहे. पगाराच्या स्लिपवर "युनिफॉर्म अलाउन्स" अशी ओळ नसेल तर तुमच्या पायात सोन्याचे बूट असले तरी उपयोग नाही. आणि भत्ता १०,००० चा मिळाला, खर्च ६,००० चा केला, तर उरलेल्या ४,००० वर कर लागतो.

आमच्या लोको पायलटच्या स्लिपवर ही ओळ आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून केंद्राने बूट भत्ता, धुलाई भत्ता, गणवेश भत्ता असे सगळे तुकडे एकत्र करून "ड्रेस अलाउन्स" केला. ट्रॅकमन आणि रनिंग स्टाफला वर्षाला ५,०००, स्टेशन मास्तरला १०,०००, फौजेच्या अधिकाऱ्याला २०,०००. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा यात २५ टक्के वाढ झाली, म्हणजे ५,००० चे ६,२५०.

आता गंमत बघा. ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत गणवेश भत्ता पूर्ण करपात्र. आणि २०२३-२४ पासून तुम्ही काहीच निवडलं नाही तर नवीच पद्धत लागू होते. जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ६,२५० वर सेस धरून १,३०० रुपये वाचतात. तेवढ्यासाठी जुनी पद्धत धरून बसायचं का? कारण नव्या पद्धतीत पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर करच शून्य. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त पगारदारांसाठी बुटाचा प्रश्न तिथेच मिटतो.

बाहेरच्या देशांत काय चालतं तेही सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा बहुतेक तिथूनच येतात. ब्रिटनमध्ये विमानाच्या गणवेशधारी पायलटसाठी वर्षाला १,०२२ पौंडांचा ठोक खर्च कर खात्याने मान्य केलाय. ऑस्ट्रेलियात पायाला इजा होऊ नये म्हणून घातलेले सुरक्षा बूट वजा होतात, पण कोणीही कुठेही घालेल असे साधे काळे बूट होत नाहीत, मालकाने सक्ती केली तरी. ब्रिटनच्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ मध्ये एका महिला बॅरिस्टरचा कोर्टातल्या काळ्या कपड्यांचा दावा फेटाळला होता. कपडे कामासाठी असतात तसे अंग झाकायला आणि ऊब द्यायलाही असतात, असं कोर्टाचं म्हणणं.

आपल्याकडे धंदा करणाऱ्याला कलम ३७(१) आहे. खर्च पूर्णपणे धंद्यासाठी असेल तर वजा होतो, पण खासगी खर्च नाही. मी वर्षाला चपलांचे दोन जोड मार्केट यार्ड ते कलेक्टर ऑफिस करत झिजवतो. तरी ते खासगीच, कारण त्याच चपला घालून मी लग्नालाही जातो.

आता मुद्द्याचं. हे सगळं लिहायची वेळ आली ती "रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्यांमुळे. आपल्या भागात शिक्षक, पोलीस, रेल्वेवाले यांच्याकडे हे लोक फिरतात. रिफंडमध्ये टक्केवारी घेतात. नसलेलं घरभाडं, नसलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज टाकतात. "युनिफॉर्मचे पण टाकू, कोण बघतं?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. बघतात, भाऊ. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. चुकीची माहिती दिली तर कलम २७०अ खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे, वर कर आणि व्याज वेगळं. नोटीस तुमच्या पॅनवर येते. एजंट तोवर नंबर बदलून मोकळा.

विमान शिकणाऱ्या पोरांच्या घरच्यांसाठीही दोन ओळी. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यासाठी आपल्याकडे शेत विकल्याची उदाहरणं आहेत. ती फी करातून वजा होत नाही. बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर फक्त व्याज, कलम ८०ई खाली, जास्तीत जास्त आठ वर्षं, तेही जुन्या पद्धतीत. एवढंच.

पण मला खरी बोच वेगळीच आहे. ज्याचा पगार करात बसतो त्याच्या बुटांसाठी निदान नियम तरी आहे. एमआयडीसीत पाइपच्या, चटईच्या, डाळीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या पोराचं काय? त्याला इन्कम टॅक्स नाही, म्हणून सूटही नाही. पण तो बूट घेतो तेव्हा जीएसटी भरतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आहे, त्याआधी हजाराच्या आतल्या बुटावरही १२ टक्के होता. आणि कामाचे बूट त्याने स्वतःच्या खिशातून का घ्यावेत? कायद्याने मालकाने जी सुरक्षेची साधनं द्यायची, त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ११४ याच गोष्टीसाठी होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेतही तेच आहे. तरी पगारातून "शूज" म्हणून पैसे कापलेली स्लिप मला एका मजुराने दाखवली. त्यावर त्याने विचारलं, "हे परत मिळतील का?" मी म्हटलं, लेखी माग, मिळायला पाहिजेत.

तर मंडळी, तीन गोष्टी करा. फॉर्म १६ काढा आणि दोन्ही पद्धतींनी हिशोब करून बघा. आयकर विभागाच्या साइटवर कॅल्क्युलेटर फुकट आहे. टक्केवारीवर रिफंड काढणाऱ्याला आपला पासवर्ड देऊ नका. आणि कारखान्यात, नगरपालिकेत, गोदामात कामाला असाल तर सूट मागण्याआधी बूट मागा. तो हक्काचा आहे.

तुमच्या स्लिपवर बुटाचे, हेल्मेटचे, हातमोज्याचे पैसे कापले असतील तर नाव झाकून मला फोटो पाठवा. बातमी करू.